म्हाताऱ्या कुत्र्याचं करणं

आपल्याकडे 'तिनं सासूचं खूप केलं' असं म्हणतात. काय केलं ते कोणी विचारत नाही. औषधं, बेडपॅन, मऊ भात, रात्रीची जागरणं हे सगळं त्या एका क्रियापदात येतं. कुत्र्याचंही असंच करावं लागतं, फक्त ते कसं करायचं हे सांगायला घरात कोणी जाणतं नसतं. पिल्लू आणलं की सल्ले द्यायला शंभर जण येतात. तेच पिल्लू चौदा वर्षांचं झालं की जिन्यात भेटणाऱ्या काकू एवढंच विचारतात, "अजून आहे का गं तुमचा बंड्या?"

बंड्या आमचा गावठी. तांबूस, एक कान पडका, पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली सापडलेला. त्याची शेवटची तीन वर्षं मी आणि आईनं त्याचं केलं. तेव्हा चुकतमाकत जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे. औषधांची नावं आणि डोस मुद्दाम टाळले आहेत, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

कुत्रा आयुष्यभर आपल्याला वाचत असतो. चावीचा आवाज, फोनवर चढलेला सूर, चालण्याआधी घातलेले बूट. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं हार्मोन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळात जे घडतं तेच. म्हातारपणी त्याचे डोळे-कान मंदावतात आणि वाचायचं काम आपल्याकडे येतं. आपण त्यात फार कच्चे असतो, म्हणून तर एवढं लिहावं लागतंय.

वय मोजा, पण सातानं गुणू नका

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशोब चुकीचा आहे. लॅब्रडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार होणारे बदल मोजणाऱ्या २०२० सालच्या एका अभ्यासानुसार वर्षाचा लॅब्रडॉर माणसाच्या साधारण तिशीत असतो, आणि बारा वर्षांचा सत्तरीत. म्हणजे पहिली वर्षं धावत जातात, पुढची सावकाश. शिवाय आकारानुसार फरक पडतो. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा सहा-सात वर्षांतच म्हातारा होतो, लॅब्रडॉर आठच्या सुमारास, पॉमेरेनियनसारखे छोटे आणि आपले गावठी दहाच्या आसपास. तोंडावरचे पांढरे केस बघून ठरवू नका, काहींना ते तिसऱ्या वर्षीच येतात. वयाचा हा टप्पा आला की कुत्रा ठणठणीत असला तरी पुढची कामं सुरू करा.

एक वही घाला

मोबाइल ॲप नको, स्वयंपाकघरात दोरीला पेन बांधून टांगलेली साधी वही. घरातल्या कोणालाही जाता-येता लिहिता आलं पाहिजे. आमच्या वहीत आईची नोंद असायची, "आज दारात उभा राहिला पण बाहेर गेला नाही." डॉक्टरांना त्या एका ओळीचा जेवढा उपयोग झाला तेवढा माझ्या लांबलचक वर्णनांचा झाला नाही.

महिन्यातून एकदा वजन लिहा. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकटं, आणि वजाबाकी. खाणं तेवढंच असून वजन उतरत असेल तर वाट बघत बसू नका.

पाणी मोजा. रोज नाही, पण महिन्यातून दोन-तीन दिवस तरी. सकाळी मापून भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. किलोमागे पन्नास-साठ मिली हे सर्वसाधारण, उन्हाळ्यात थोडं जास्त. किलोमागे शंभर मिलीच्या वर गेलं तर ते तहान लागल्याचं नव्हे, आजाराचं लक्षण. अठरा किलोचा कुत्रा दिवसाला अठराशे मिलीच्या पुढे पाणी पीत असेल तर मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंगसारखे हार्मोनचे विकार, मादी असेल तर गर्भाशय, यांतलं काहीतरी तपासावंच लागतं.

तिसरी नोंद श्वासाची, आणि ही सर्वांत कमी लोक करतात. कुत्रा गाढ झोपलेला असताना छातीचं वर-खाली होणं एक पूर्ण मिनिट मोजा. वर गेली-खाली आली हा एक श्वास. झोपेत हा आकडा तीसच्या आत हवा. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्यात फुप्फुसात पाणी साठायला लागलं की खोकला किंवा धाप दिसण्याआधी बऱ्याचदा हाच आकडा वाढतो. आज बावीस, उद्या चोवीस, परवा छत्तीस असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि हिरड्या. ओठ वर करून बघायची सवय तो धडधाकट असतानाच लावा, म्हणजे पुढे अंगावर येणार नाही. गुलाबी हव्यात. बोटानं दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे.

वर्षातून दोनदा तपासणी

लस द्यायला जातो तेव्हा डॉक्टर बघतातच की, असं मलाही वाटायचं. लस आणि तपासणी वेगळ्या. या वयात दर सहा महिन्यांनी रक्त (पेशी, मूत्रपिंड, यकृत, साखर), लघवी, रक्तदाब आणि शक्य असेल तर पोटाची सोनोग्राफी. लघवीची तपासणी लोक सोडतात, कारण ती धरायची कशी हा प्रश्न. सकाळी पहिल्यांदा पाय वर करेल तेव्हा लांब दांड्याचा डाव खाली धरायचा. मादी असेल तर चपटी ताटली. हसू येईल, सोसायटीत लोक बघतील, पण करा. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं गाळून बाहेर टाकायचा कचरा, वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं बहुतेक काम गेलेलं असतं. लघवी पातळ होत चालल्याचं त्याआधी कळू शकतं.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याजवळ शिरवळलाही सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या दवाखान्यांत गर्दी असते, पण अनेक विषयांचे डॉक्टर एका छपराखाली भेटतात आणि खाजगीपेक्षा खर्च कमी येतो.

दवाखान्यात जाताना वही आणि मोबाइलवरचे व्हिडिओ न्या. घरी लंगडणारा कुत्रा दवाखान्याच्या दारात भीतीनं ताठ चालतो, आणि डॉक्टर म्हणतात, "बरा दिसतोय की."

ज्यांच्या मादीचं ऑपरेशन केलेलं नाही त्यांनी हे लक्षात ठेवा. माजावर येऊन गेल्यावर चार ते आठ आठवड्यांत ती फार पाणी प्यायला लागली, मरगळली, उलट्या झाल्या, खालून घाण वासाचा स्राव आला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव न येताही हे होतं, आणि तो प्रकार जास्त धोक्याचा. औषधांवर दिवस काढायचे नाहीत, बहुतेक वेळा तातडीचं ऑपरेशनच लागतं.

'वय झालं' हा आजार नाही

इथे माझी चूक सांगते. बारावं संपत आलं तेव्हा बंड्या खेळेनासा झाला. बॉल टाकला तर बघायचा, उठायचा नाही. खाताना मान वाकडी करायचा, घास एका बाजूनं चावायचा. मी तीन महिने सगळ्यांना सांगत होते, "वय झालं आता त्याचं." मग एक दिवस डॉक्टर मॅडमनी त्याचा जबडा उघडून दाखवला. मागची मोठी दाढ मुळापर्यंत कुजली होती. भूल देऊन ती काढली आणि पंधराव्या दिवशी म्हातारा बॉल घेऊन दारात हजर. वय तेवढंच होतं.

दुखणाऱ्या कुत्र्याकडून ओरडण्याची अपेक्षा ठेवू नका. जुनाट दुखणं कुत्रा गिळतो. ते शोधायचं ते सवयींच्या बदलांत. जो सोफ्यावर उडी मारायचा तो पुढचे दोन पाय टेकवून थांबतो. जिना चढायचा, उतरायला नाही म्हणतो. झोपेतून उठल्यावर पहिली चार पावलं ताठ, मग बरी. एकच जागा, बहुतेक पायाचा घोटा, चाटत राहतो. बसताना मागचा एक पाय बाहेर टाकतो. लघवीला पाय वर करणं सोडतो. रात्री जागा बदलत राहतो. मुलांनी मिठी मारली की गुरगुरतो आणि आपण म्हणतो, म्हातारपणी चिडका झालाय. कंबर दुखणाऱ्या माणसाला कोणी मागून येऊन घट्ट मिठी मारली तर तोही तेच करेल.

अशा वेळी घरातल्या डब्यातली गोळी देऊ नका. हे जितकं ठासून सांगता येईल तितकं थोडं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लॅम ही औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटॅमॉलही मनानं द्यायचं नाही. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामक औषधं आहेत, आणि ती सुरू करण्याआधी रक्त तपासतात. आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

सांधेदुखीत गोळ्यांइतकंच वजन महत्त्वाचं. अठराचा बंड्या एकवीसचा झाला होता. ते तीन किलो उतरवल्यावर तो पुन्हा पायरी चढला.

घराची लादी

आपल्या घरांतली गुळगुळीत लादी म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्यासाठी बर्फ. मागचे पाय फाकतात, उठताना घसरतात, एकदा आपटला की तो त्या खोलीतच जायचं सोडतो. आपल्याला वाटतं, त्याला एकटं राहायला आवडतं.

सतरंजी नको, ती स्वतःच घसरते. खालून रबर असलेल्या मॅट किंवा जुन्या योगा मॅट कापून त्याच्या रोजच्या वाटेवर घाला. अंथरुणापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत. सगळं घर मढवायची गरज नाही. पंजांच्या गाद्यांमधले केस कापा आणि नखं दर तीन आठवड्यांनी. चालणं कमी झालं की नखं झिजत नाहीत आणि लांब नखांनी पकड सुटते.

जेवणाचं भांडं पाटावर ठेवून उंच करा, मान फार वाकवावी लागत नाही. अंथरूण जाड हवं, कोपर जमिनीला टेकता कामा नये. लिफ्ट बंद असेल तेव्हा जिन्यासाठी मोठा टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घेऊन दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे मागचं अर्धं वजन आपल्या हातात येतं. नर असेल तर लघवीची जागा दाबली जात नाही ना ते बघा. उचलायचंच असेल तर एक हात छातीखाली, एक मांड्यांखाली. पुढच्या पायांना धरून कधीही नाही.

फिरणं बंद करू नका. एकदा चाळीस मिनिटांऐवजी दहा-दहा मिनिटं तीन-चारदा, आणि त्याच्या चालीनं. त्याला एका खांबाजवळ पाच मिनिटं वास घेऊ द्या, त्याचं वर्तमानपत्र तेच आहे. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत आणि रात्री. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पायही ठेवायचे नाहीत.

खाणं

नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आईची लाडकी. बंड्याचे वाढलेले तीन किलो त्या गोष्टीच्या खात्यात.

दूध-पोळी हे कुत्र्याचं जेवण नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्याचे पाठीवरचे, मांड्यांचे स्नायू झडतात, म्हणून प्रथिनं कमी करायची नाहीत. मूत्रपिंडाचा आजार पक्का झाला तर डॉक्टर सांगतील तशी कमी करायची. अंडी, उकडलेलं बिनहाडांचं चिकन, मासे, भात, दुधी-भोपळा-गाजर असं चालतं, पण नुसतं घरचं जेवण असेल तर कॅल्शियम आणि इतर पूरकं किती ते विचारून घ्या. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. कांदा-लसूण नाही, म्हणजे रस्सा आपोआप बाद. चॉकलेट नाही. झायलिटॉल घातलेली शुगर-फ्री च्युइंगगम नाही. आणि द्राक्षं, मनुका, बेदाणे नाहीत. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. प्रसाद आहे, त्याला काय होतंय, असं म्हणणाऱ्यांना तेवढ्यापुरतं तोडून बोला.

भूक मंदावली तर अन्न कोमट करा, वास वर येतो. गोळी द्यायची असेल तर पनीरच्या तीन गोळ्या वळा. पहिली रिकामी, दुसरीत औषध, आणि तिसरी लगेच नाकासमोर धरलेली. तिसरीच्या घाईत दुसरी न चावता जाते. कुठली औषधं रिकाम्या पोटी द्यायची ते आधी विचारा.

रात्री

डोळ्यांत निळसर धुरकटपणा आला म्हणजे मोतीबिंदूच असं नाही. म्हातारपणी बाहुलीमागचं भिंग घट्ट होऊन तसं दिसतं आणि नजर फारशी जात नाही. पांढरंशुभ्र दिसायला लागलं, विशेषतः काही दिवसांतच, तर साखर तपासा. नजर गेलेल्या कुत्र्याच्या घरात फर्निचर हलवू नका. बाकी तो नाकानं निभावतो.

बहिऱ्या कुत्र्याला झोपेत मागून हात लावायचा नाही. जमिनीवर पाय आपटा, कंप कळतो, किंवा नाकासमोर हात धरा. हाताच्या खुणा शिकवायला बारा वर्षांचं वय उशिराचं नाही. बंड्या आठवड्यात 'ये' आणि 'थांब' शिकला. बहिरेपणाचा एक फायदा आम्हाला मिळाला. आयुष्यभर दिवाळीत पलंगाखाली थरथरत बसणारा बंड्या शेवटच्या दोन दिवाळ्यांना घोरत पडला होता.

मग एका रात्री तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा दिसला. मागे फिरायचं कसं हेच त्याला आठवत नव्हतं. माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखा विकार कुत्र्यांनाही होतो. दिवसा झोप, रात्री येरझाऱ्या. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून ते उघडायची वाट बघणं. घरात लघवी. ओळखीच्या माणसाकडे अनोळखी नजरेनं बघणं. आधी दुखणं, लघवीचा संसर्ग, रक्तदाब हे वगळायचं, कारण लक्षणं सारखीच दिसतात. मग औषधं आहेत, काहींना चांगला गुण येतो. घरात करायचं ते असं: वेळापत्रक घड्याळासारखं, संध्याकाळी छोटंसं फिरणं, झोपायच्या आधी लघवी, रात्रभर एक मंद दिवा, आणि सोफ्यामागच्या फटी उशांनी बुजवणं. ओरडायचं नाही. फरशीवरची लघवी तो मुद्दाम करत नाही, आणि ओरडल्यावर आपण का ओरडतोय हेही त्याला कळत नाही. नुसता घाबरतो. एकदा ओरडले होते, तेव्हाची त्याची मान अजून दिसते.

रात्रीच्या पाळ्या लावा. आईची बारापर्यंत, माझी पुढची. एकाच माणसावर सगळं पडलं की तो माणूस महिन्याभरात कुत्र्यावर चिडायला लागतो, आणि मग स्वतःवर.

हे दिसलं तर निघा

मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट टम्म फुगलं, ओकाऱ्या येताहेत पण बाहेर काही पडत नाही: पोटाला पीळ पडलेला असू शकतो, हातात काही तासच असतात. हिरड्या पांढऱ्याफटक आणि कुत्रा कोसळला: पोटात रक्तस्राव, म्हाताऱ्या कुत्र्यात बहुधा प्लीहेच्या गाठीतून. लघवी पूर्ण थांबली. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, ते आज शोधून फ्रिजवर लावा.

एक उलटा प्रकारही आहे. सकाळी कुत्रा अचानक एका बाजूला कोसळतो, मान वाकडी, डोळे भिरभिर फिरताहेत, उभं राहायला गेला की गोल फिरून पडतो. सगळे म्हणतात लकवा झाला, आता सोडवा त्याला. दवाखान्यात न्या, पण शेवटचा निर्णय त्या दिवशी घेऊ नका. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अशी अचानक बिघडते आणि बहुतेक जण काही दिवसांत उभे राहतात, दोन-तीन आठवड्यांत सावरतात. मान थोडी वाकडी राहते एवढंच. तोपर्यंत मळमळीचं औषध, हातानं भरवणं, आणि पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा.

अंथरुणाला खिळल्यावर

दर तीन-चार तासांनी कूस बदला. अंगाखाली रेक्झिन, त्यावर लहान मुलांचं ड्राय-शीट, वर सुती चादर. मागच्या भागाचे केस बारीक कापून घ्या. लघवी लागलेली कातडी भाजल्यासारखी होते, तिथे कोमट पाण्यानं पुसून, पूर्ण कोरडं करून, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. कोपर, खुबा, घोटा या जागा रोज बघा. लाली दिसली की त्या कुशीवर झोपवायचं नाही.

पावसाळ्यात माशा सर्वांत वाईट. चिडलेल्या कातडीवर माशीनं अंडी घातली की दिवसा-दोन दिवसांत अळ्या पडतात. मच्छरदाणी लावा, भर दुपारीसुद्धा. अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइन किंवा फिनेल ओतू नका, कातडी आणखी जळते. दवाखान्यात साफ करून घ्या.

मूत्रपिंडाच्या कुत्र्यांसाठी कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टर घरच्यांना शिकवतात. पहिल्यांदा माझा हात थरथरत होता. चौथ्या दिवशी आई एका हातानं बाटली धरून दुसऱ्या हातानं मालिका बघत होती. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा, गार सलाईननं अंग शहारतं.

लोक विचारतात, कुत्र्यासाठी एवढं? १९१४ साली जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासलला दगडाच्या खाणीत एक थडगं सापडलं. साधारण चौदा हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांच्याबरोबर कुत्रा. पुढे त्याचे दात तपासणाऱ्या संशोधकांना कळलं की ते सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपरसारखा जीवघेणा आजार आठवडेच्या आठवडे होता. कोणी भरवलं-पुसलं नसतं तर ते तेवढं जगलं नसतं. शिकारीला किंवा राखणीला त्या पिल्लाचा काडीचा उपयोग नव्हता.

कधी

हा प्रश्न शेवटी येतोच. 'नैसर्गिक मरण येऊ दे' म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यातले काही फार प्रेमळ असतात. पण नैसर्गिक मरण झोपेत येईल असं नाही, मूत्रपिंडाच्या आजारात ते अनेक दिवसांच्या मळमळीतून येतं. उलट पहिल्याच वाईट आठवड्यात घाई करणारेही भेटतात. दोघांचंही ऐकू नका, मोजा.

ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. दुखणं आटोक्यात आहे का (श्वास नीट घेता येतो का, हे त्यातच). खातो का. अंगात पाणी टिकतं का. स्वच्छ ठेवता येतो का. कशात रमतो का. हालचाल, मदतीनं का होईना, होते का. आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर चालवून घ्यायला हरकत नाही. श्वास लागत असेल तर मात्र बाकीचे गुण कितीही असोत, निर्णयासाठी वाट बघत राहायचं नाही.

आम्ही त्यात भर घातली. बंड्याला आवडणाऱ्या पाच गोष्टी तो बरा असतानाच वहीत लिहिल्या: चालायला जाणं, पोळीचा पापुद्रा, दूधवाल्यावर भुंकणं, आईच्या पायांवर हनुवटी ठेवणं, बाल्कनीतलं ऊन. तीन गेल्या की बोलायचं, असं ठरवलं. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिकली, वाईटाला फुली. गुण घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळे द्यायचे. माझे नेहमी आईपेक्षा सात-आठनं जास्त यायचे, आणि बरोबर तिचेच असायचे.

त्या दिवशी

डॉक्टर घरी येतील का, ते महिनाभर आधी विचारून ठेवा. आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना, हेही स्पष्ट विचारा. पद्धत साधारण अशी: पहिल्या इंजेक्शननं पाच ते पंधरा मिनिटांत गाढ झोप, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आणि एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात. नंतर एखादा मोठा श्वास येऊ शकतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. हे आधी माहीत नसेल तर तो जिवंत आहे असं वाटून माणूस हादरतो. खाली जुना टॉवेल ठेवा. डॉक्टरांना स्टेथोस्कोपनं पुन्हा बघायला सांगा.

पैसे आणि सह्या आधी उरका. पोटाची बंदी नसेल तर त्याला त्या दिवशी आवडेल ते द्या. मुलांना विचारून ठेवा, थांबायचंय की नाही, आणि 'झोपवलं' हा शब्द लहान मुलांसमोर वापरू नका, त्यांना झोपेची भीती बसते. मेला, असं सरळ सांगा. तुम्हाला बघवेल असं वाटत नसलं तरी शक्य असेल तर डोक्याशी बसा. त्याला आवाज ऐकू येत नसेल, वास येतो.

दोन-तीन तासांत शरीर ताठ होतं, त्याआधी पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखं ठेवा. मुंबईत मालाडला महापालिकेनं २०२३ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली. इतर शहरांत पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आधीच फोन करून ठेवा. स्वतःच्या शेतात पुरणार असाल तर निदान चार फूट खोल, विहीर-ओढ्यापासून लांब. उघड्यावर अजिबात नाही. त्या औषधाचं शरीर खाल्लं तर घार, गिधाड, रस्त्यावरचं कुत्रं कोणीही मरू शकतं.

नंतर

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला शरीर हुंगू द्या, काही जण नंतर शोधत फिरायचे थांबतात. ऑफिसात काय सांगायचं हा प्रश्न पडतो. मी 'घरात कोणी गेलं' एवढंच सांगून दोन दिवस रजा घेतली, खोटं नव्हतं ते. 'कुत्रंच तर होतं, दुसरं आण' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. असं बोलणारे दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांनाही रोज नमस्कार करतात. दुसरा कधी आणायचा याला मुदत नाही. आणलात तर त्याला जुनं नाव देऊ नका, एवढं मात्र सुचवते.

महापालिकेचा परवाना असेल तर रद्द करून घ्या. न उघडलेली औषधं, सलाईनच्या बाटल्या, ड्राय-शीट जवळच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात द्या, तिथे ती त्याच आठवड्यात वापरली जातात. आम्ही पट्टा आणि वही ठेवली, बाकी सगळं दिलं. योगा मॅटच्या पट्ट्या काढायला मी वाकले तेव्हा आई म्हणाली, राहू देत, माझे गुडघे घसरत नाहीत त्यावर. तेव्हापासून तीही अंथरुणापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत त्याच वाटेनं चालते.